‘आणि’ या शब्दाची पारख

ख्रिस्ताला उघडपणे नाकारणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो, त्याला उत्तर देता येते. त्याच्यामुळे ख्रिस्ती मंडळीची फसगत सहसा होत नाही. फसगत होते ती तेच पवित्र शास्त्र हातात धरून, तीच प्रार्थना म्हणून, तेच नाव घेऊन बोलणाऱ्यामुळे. खोटे नाणे खऱ्यासारखे दिसते म्हणूनच ते बाजारात चालते. सर्व गोष्टींची पारख करा आणि चांगले ते धरून ठेवा, अशा अर्थाची सूचना प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला दिली. तिथे त्याने वापरलेले ग्रीक क्रियापद धातूचा आणि नाण्याचा कस पाहण्यासाठीही वापरले जाई. आरंभीच्या शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांनाही विश्वासी माणसाला सराफाची उपमा द्यायला आवडे. सराफ जगातली सगळी खोटी नाणी पाठ करत बसत नाही. खऱ्याचे वजन त्याच्या तळहाताला आणि खऱ्याचा नाद त्याच्या कानाला ओळखीचा झालेला असतो. या पुस्तकाचा विषय ही पारख आहे. त्यात शिरण्यापूर्वी वाचकासमोर मला एकच म्हणणे मांडायचे आहे. खोटी शिकवण बहुधा ‘ख्रिस्त नको’ असे म्हणत नाही, ती ‘ख्रिस्त आणि’ असे म्हणते. आणि त्या ‘आणि’पुढे जे ठेवायचे असते त्याला जागा करण्यासाठी शास्त्रातला कुठला तरी अडचणीचा भाग ती कापून टाकते. काय जोडले आणि काय कापले, हे दोन प्रश्न विचारले की बहुतेक खोट्या शिकवणी आपले खरे रूप दाखवतात.

सर्वसाधारण माणूस दुसऱ्याच खुणा पाहतो. शिकवणारा तळमळीने बोलतो का, त्याच्या हातून चमत्कार होतात का, त्याच्याकडे गर्दी जमते का, त्याचे शब्द ऐकून मनाला धीर येतो का, याकडे त्याचे लक्ष असते. या खुणांवर विसंबू नये असे शास्त्र स्वतःच सांगते. अनुवादाच्या पुस्तकात संदेष्ट्यासाठी दोन कसोट्या आहेत. अठराव्या अध्यायातली सर्वांना आठवते: सांगितलेली गोष्ट घडली नाही, तर ते वचन देवाचे नव्हते. तेराव्या अध्यायातली कसोटी अधिक कडक आहे आणि तीच विसरली जाते. सांगितलेले चिन्ह खरोखर घडले, पण सांगणारा लोकांना दुसऱ्या देवाकडे वळवत असेल, तरीही त्याचे ऐकू नये. म्हणजे चमत्कार खरा ठरला तरी शिकवण खोटी असू शकते. धीर देणाऱ्या शब्दांचेही तसेच आहे. यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांदेखत यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू मोडतो आणि दोन वर्षांत बाबेलची सत्ता मोडून बंदिवान घरी परततील असे देवाच्या नावाने सांगतो. ऐकणाऱ्यांना तेच ऐकायचे होते. त्याने देवाचे नाव टाकले नव्हते, मंदिर सोडले नव्हते, राष्ट्राचे वाईट चिंतले नव्हते. देवाचा न्याय तेवढा वगळून त्याने फक्त दिलासा ठेवला होता, आणि यिर्मयाने त्याला खोटे ठरवले ते या वगळण्यासाठी.

पहिल्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी ही पारख किती रोखठोकपणे केली, याचा पुरावा ‘दिदाखे’ या छोट्या ग्रंथात आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या किंवा दुसऱ्याच्या आरंभीच्या काळातला हा ग्रंथ शतकानुशतके हरवलेला होता. १८७३ मध्ये फिलोथियोस ब्रायेनिओस यांना त्याची प्रत कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली आणि १८८३ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. गावोगाव फिरणाऱ्या उपदेशकांविषयी त्यातले नियम साधे आहेत. पाहुणा एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याच्या प्रेरणेने बोलतो म्हणून स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचे ऐकू नये, पण गरजूंसाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नये. ही बारकाई महत्त्वाची आहे. पैसा या वस्तूवर ग्रंथाचा रोख नाही. ‘देवाचे वचन आणि माझे पोट’ अशी जोडणी जिथे होते, तिथे त्याने बोट ठेवले आहे.

पैसा देणाऱ्याच्या बाबतीतही मंडळीने हाच कस लावला. काळ्या समुद्रावरच्या सिनोपे गावचा मार्सियन हा जहाजांचा मालक दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोमला आला आणि तिथल्या मंडळीला त्याने दोन लाख सेस्टर्स एवढी मोठी देणगी दिली. पुढे त्याची शिकवण स्पष्ट झाली. जुन्या करारातला न्यायी देव वेगळा आणि येशूचा प्रेमळ पिता वेगळा, असे तो सांगू लागला. जुना करार त्याने पूर्ण बाजूला ठेवला आणि लूकच्या शुभवर्तमानाची काटछाट करून ते व पौलाची दहा पत्रे एवढेच शास्त्र मानले. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला वेगळे केले आणि त्याची देणगी परत केली. मार्सियनचे आचरण कठोर संन्याशाचे होते, ख्रिस्तावरचे त्याचे प्रेम खरे वाटावे असे होते आणि त्याच्या मंडळ्या पुढे दूरवर पसरल्या. तळमळ, संयम, गर्दी या साऱ्या खुणा त्याच्या बाजूच्या होत्या. एकच खूण विरुद्ध होती: त्याच्या हातातली कात्री.

याच शतकाच्या उत्तरार्धात, १८० च्या सुमारास, ल्योंचा बिशप इरेनियस याने ज्ञानवादी पंथांविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला. निवडक लोकांना गुप्तपणे दिलेल्या ज्ञानानेच तारण मिळते, असा या पंथांचा दावा होता. इरेनियसने दिलेले एक उदाहरण आजही उपयोगी पडते. कुशल कारागिराने मौल्यवान खडे जडवून राजाचे चित्र बनवावे आणि दुसऱ्या कोणी तेच खडे उपटून त्यांचा कोल्हा किंवा कुत्रा मांडावा, मग हेच राजाचे चित्र आहे आणि पाहा, खडेही तेच आहेत, असे म्हणावे. खडे खरेच असतात. खोटे असते ती मांडणी. सुटी वचने भराभर उद्धृत करणाऱ्या उपदेशकापुढे श्रोता गप्प बसतो, कारण प्रत्येक वचन शास्त्रात खरोखर सापडते. इरेनियसचे उत्तर असे की राजाचा चेहरा आधी माहीत हवा, आणि तो चेहरा कोणा एकाच्या गुपितात नसून सर्व मंडळ्यांत उघडपणे, सर्वांदेखत शिकवल्या गेलेल्या विश्वासात आहे. गुप्ततेची मागणी हासुद्धा एक ‘आणि’ आहे: ख्रिस्त, आणि त्याच्यापर्यंत जाण्याची माझ्याकडची किल्ली.

हा ‘आणि’ नव्या करारातच पहिल्यांदा पकडला गेला. गलतियाच्या मंडळ्यांत आलेल्या शिक्षकांनी ख्रिस्ताला नाकारले नव्हते. ख्रिस्तावर विश्वास ठेवा आणि सुंताही करून घ्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वरवर पाहता ही भर निरुपद्रवी होती, जुन्या करारात तिला आधारही होता. तरी पौलाच्या सर्व पत्रांत सर्वांत तीव्र भाषा या पत्रात आहे. अंत्युखियात परराष्ट्रीय विश्वासूंबरोबर जेवणारा केफा, म्हणजे पेत्र, काही माणसे आल्यावर पंगतीतून मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला तो याच कारणाने. ख्रिस्ताने ज्यांना एकत्र बसवले त्यांना वेगळे करणारी कोणतीही अट ही ख्रिस्त अपुरा आहे असे सांगणारी अट असते. कलस्सैच्या पत्रातही तोच विषय आहे: देवदूतांची उपासना, खाण्यापिण्याचे आणि सणावारांचे नियम ख्रिस्ताच्या शेजारी मांडले जात होते. ख्रिस्त एका बाजूला आणि दुसरी वस्तू शेजारी, अशी मांडणी झाली की काही काळाने दुसरी वस्तू धनी होते आणि ख्रिस्त तिचा साक्षीदार उरतो.

या म्हणण्याची सर्वांत स्पष्ट आणि सर्वांत भयंकर परीक्षा विसाव्या शतकात जर्मनीत झाली. १९३२ मध्ये ‘जर्मन ख्रिस्ती’ या नावाची चळवळ प्रोटेस्टंट मंडळ्यांत उभी राहिली. वंश, लोक आणि राष्ट्र ही देवाने घालून दिलेली व्यवस्था आहे आणि मंडळीने ती जपली पाहिजे, असे तिचे सांगणे होते. २३ जुलै १९३३ च्या चर्च-निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी हिटलरने रेडिओवरून या गटाची बाजू घेतली आणि त्याला सुमारे दोन तृतीयांश मते मिळाली. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या चर्चच्या महासभेने ज्यू वंशाच्या ख्रिस्ती माणसांना चर्चच्या पदांवरून दूर ठेवणारा नियम स्वीकारला, आणि त्याच महिन्यात विटेनबर्गला लुडविग म्युलर यांची राइखचे बिशप म्हणून निवड झाली. यांतल्या कोणी ख्रिस्ताला नाकारले नव्हते. वेदीवर क्रूस होता, फक्त शेजारी स्वस्तिकाचा झेंडा होता. त्यांची सारी शिकवण त्या ‘शेजारी’त होती.

आणि कात्री लवकरच बाहेर आली. १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये सुमारे वीस हजार लोकांपुढे राइनहोल्ड क्राउज यांनी जुना करार टाकून देण्याची आणि पौलाच्या धर्मशास्त्रातले ज्यू अंश काढण्याची मागणी केली. अठराशे वर्षांनी मार्सियन पुन्हा बोलत होता, फरक इतकाच की या वेळी त्याच्यामागे राज्यसत्ता होती. ६ मे १९३९ रोजी आयझेनाखच्या वार्टबुर्ग किल्ल्यावर जर्मन चर्चजीवनातला ज्यू प्रभाव नष्ट करण्यासाठी एका संस्थेचे उद्घाटन झाले. वॉल्टर ग्रुंडमन हे तिचे अभ्यासप्रमुख होते. संस्थेने १९४० मध्ये ज्यू संदर्भ छाटलेला नवा करार छापला, आणि पाठोपाठ तसेच ‘स्वच्छ’ केलेले गीतांचे पुस्तक काढले. ल्यूथरने १५२१-२२ मध्ये याच किल्ल्यात बसून नवा करार लोकांच्या भाषेत आणला होता. एकाच छताखाली एका शतकात शास्त्र लोकांच्या हाती आले आणि दुसऱ्या शतकात ते कापणाऱ्या संस्थेचे उद्घाटन झाले.

याला उत्तर मिळाले ते २९ ते ३१ मे १९३४ या तीन दिवसांत वुपरटालमधल्या बार्मेन इथे. ल्यूथरन, रिफॉर्म्ड आणि संयुक्त मंडळ्यांचे सुमारे १४० प्रतिनिधी गेमार्के चर्चमध्ये जमले आणि त्यांनी सहा कलमांचे घोषणापत्र स्वीकारले. त्याचा मसुदा मुख्यतः कार्ल बार्थ यांचा. प्रत्येक कलमाची रचना सारखी आहे: आधी शास्त्रवचन, मग त्यातून येणारी कबुली, शेवटी अमुक खोटी शिकवण आम्ही नाकारतो असे स्पष्ट विधान. पहिल्या कलमाचा आशय असा की येशू ख्रिस्त हेच देवाचे एकमेव वचन आहे, आणि त्याच्या शेजारी इतर घटना, सत्ता, व्यक्ती वा सत्ये यांना देवाचे प्रकटीकरण मानावे ही शिकवण खोटी आहे. हिटलरचे नाव त्यात नाही, पण ‘आणि’वर बोट अचूक पडले आहे. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. हिटलरप्रति बिनशर्त शपथ घ्यायला नकार दिल्याने बार्थ यांचे बॉनमधले अध्यापकपद गेले आणि १९३५ मध्ये ते बाझलला परतले; मार्टिन निमोलर यांनी १९३७ पासून १९४५ पर्यंत तुरुंग आणि छळछावण्या पाहिल्या; पाळक पॉल श्नायडर यांना १९३९ मध्ये बुखेनवाल्डच्या छावणीत मारण्यात आले.

इथे पहिला आक्षेप येतो. प्रत्येक पंथ दुसऱ्याला खोटे म्हणतो, मग ही कसोटी म्हणजे आपापल्या मताची ढाल नव्हे काय? बार्मेनच याचे उत्तर आहे. तिथे जमलेल्या ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड लोकांचे प्रभुभोजनाच्या अर्थावर चारशे वर्षे मतभेद होते, आणि ते त्या सभेनेही मिटवले नाहीत. तरी जर्मन ख्रिस्तींची शिकवण खोटी आहे हे ते एका आवाजात म्हणू शकले. बालकांचा बाप्तिस्मा असावा की नसावा, बिशप असावेत की वडीलमंडळ, उपासनेची रीत कोणती, यांवर भिन्न मते असतात. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात अशा मतभेदांत एकमेकांचा न्याय करू नये असे बजावले आहे. मतभेद आणि खोटी शिकवण यांच्यातली सीमा हीच कसोटी दाखवते: त्या मताने ख्रिस्ताच्या शेजारी दुसरा धनी बसतो काय? बसत नसेल तर ते मत चुकीचे असले तरी त्यावर पाखंडाचा शिक्का मारणे हाच अन्याय आहे.

दुसरा आक्षेप असा की चर्चने स्वतःही शास्त्रात नसलेले शब्द जोडले. ३२५ मध्ये निकेयाच्या परिषदेने पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे हे सांगायला जो ग्रीक शब्द वापरला, तो शास्त्रात नाही. आक्षेप रास्त आहे, पण त्यात शब्दाची भर आणि धन्याची भर यांची गल्लत होते. निकेयाने ज्याचे मत नाकारले त्या एरियसच्या मते पुत्र निर्माण केलेला होता; ते मान्य केले तर मंडळी एका निर्मित वस्तूची उपासना करत आली असा अर्थ होतो. नवा शब्द आला तो जुना विश्वास राखण्यासाठी. तो बहुमताच्या जोरावर टिकला असेही नाही. ३५९ मध्ये रिमिनी इथे सम्राटाच्या दबावाखाली चारशेच्या आसपास बिशपांनी निकेयाला बगल देणाऱ्या मजकुरावर सह्या केल्या, आणि निकेयाची बाजू लढवणारा अथनासियस आयुष्यात पाच वेळा हद्दपार झाला. परिषदांचीही पारख करावी लागते, आणि ती संख्येने होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो मराठी वाचकाला दुरून आणावा लागत नाही. खोट्या शिकवणीचा शोध घेण्याच्या नावाखाली गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, इन्क्विझिशन चालले. जिनिव्हात १५५३ मध्ये मायकेल सर्व्हेटसला त्याच्या मतांसाठी जाळण्यात आले, आणि तेही प्रोटेस्टंट शहरात. मग खोटे ओळखण्याचा हा उद्योगच सोडून द्यावा, असे अनेकांना वाटते. त्यांचे दुःख खरे आहे, पण निष्कर्ष चुकतो. ओळखणे आणि दंड करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बार्मेनच्या लोकांपाशी तुरुंग नव्हते. तुरुंग खोट्या शिकवणीच्या बाजूला होते. विश्वास राखण्यासाठी ज्याला राजाची तलवार लागते, तो ‘ख्रिस्त आणि सत्ता’ असे आचरणाने म्हणत असतो, आणि शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा शास्त्रातून कापत असतो. इन्क्विझिशन या कसोटीचा अतिरेक नव्हते. या कसोटीवर ते स्वतःच नापास होते.

कसोटीची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बार्मेनच्या सहा कलमांत ज्यूंच्या छळाविषयी एक शब्द नाही. दिएत्रिच बोनहोफर यांनी १९३३ च्या एप्रिलमध्येच चर्च आणि ज्यूंचा प्रश्न यांवर लेख लिहिला होता, तरी हा विषय तिथे आला नाही. १९६७ मध्ये बोनहोफर यांचे चरित्रकार एबरहार्ड बेथगे यांना लिहिलेल्या पत्रात बार्थ यांनी ही आपली चूक असल्याचे मान्य केले. ज्याला सिद्धांतातला खोटेपणा अचूक दिसतो, त्यालाही दाराशी चाललेला अन्याय दिसेलच असे नाही. पुढच्या पिढीने हा धडा घेतला. ऑगस्ट १९८२ मध्ये ओटावा इथे रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने वर्णभेद हे पाप असल्याचे आणि त्याचे धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बेल्हार कबुलीजबाबाचा मसुदा तयार झाला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला गेला. त्यात अन्याय सोसणाऱ्याच्या बाजूने उभे राहणे हा विश्वासाच्या कबुलीचाच भाग झाला.

आपल्या देशातला जुना ‘आणि’ जातीचा आहे. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना चर्चमधले जातिभेद पूर्णपणे सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेकांनी मंडळी सोडली, जात सोडली नाही. गोव्याच्या गावांतल्या चर्चसंबंधित कॉन्फ्रारियांत, म्हणजे धार्मिक बंधुसंघांत, सभासदत्व दीर्घकाळ जातीनुसार ठरत असे. अंत्युखियाच्या पंगतीचा प्रसंग या मंडळ्यांतही वाचला जात होता. दुसरा ‘आणि’ आजचा आहे: ख्रिस्त आणि भरभराट. विश्वास असेल तर आजार आणि गरिबी राहणार नाही, दान दिलेस तर कितीतरी पटींनी परत मिळेल, असे सांगणाऱ्या शिकवणीला शास्त्रातून क्रूस कापावा लागतो, ईयोब कापावा लागतो आणि पौलाच्या देहातला काटाही कापावा लागतो. तिचा सर्वांत क्रूर परिणाम आजाऱ्याच्या खाटेशी दिसतो, जिथे बरे न होणाऱ्याला आपलाच विश्वास कमी पडला असे वाटायला लावले जाते.

मग पारख कोणी करायची? बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौलाचे बोलणे दररोज शास्त्र उघडून तपासले, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांची स्तुती आहे. सामान्य माणूस हे करू शकतो, पण त्यासाठी ग्रंथ त्याच्या भाषेत, त्याच्या हातात आणि पूर्ण असावा लागतो. १८११ मध्ये श्रीरामपूरला मराठी नवा करार छापला गेला. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत आणले. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्या श्रमामागे हीच समजूत होती की वाचणारी बाई कोणाच्या गुप्त किल्लीवर अवलंबून राहत नाही.

वाचकाला एवढीच विनंती आहे की या पुस्तकातली पाने दुसऱ्याच्या मंडळीवर बोट ठेवण्यासाठी उलटू नयेत. पहिली पारख आपल्या व्यासपीठाची करावी. आपण ‘ख्रिस्त’ या शब्दानंतर कोणता ‘आणि’ म्हणतो, आपल्या उपासनेत शास्त्राची कोणती पाने वर्षानुवर्षे उघडलीच जात नाहीत, आणि ती न उघडल्याने कोणाचा फायदा होतो, हे विचारावे. जी मंडळी हे प्रश्न स्वतःला विचारते, तिला दुसऱ्याचे खोटे नाणे दाखवण्याचा अधिकार आहे.